बाटलीतला खडा

...आणि खड्याच्या कुशीला एक बारीक चीर होती, त्या चिरेत काहीतरी तांबूस अडकून बसलेलं होतं, आणि कोनाड्यात सकाळचं ऊन तिरकं शिरलं की ते तांबूस एकदम ताजं दिसायचं — आत्ताही दिसत होतं. सुपारीएवढा तपकिरी खडा, औषधाच्या बुचाच्या बाटलीत. भीमसिंगने बाटली उचलून हलवली. खडा काचेवर वाजला. रोज सकाळी तो असं करी, आणि रोज त्याला वाटे की आज वाजणार नाही, आज हा आपला खोटेपणा ओळखून मुकाट बसेल. पण खडा इमानाने वाजायचा.

तीन महिन्यांत अख्ख्या सारंगखेड्याने हा खडा पाहिला होता. शहाद्याहून, ब्राह्मणपुरीहून कापसाच्या गाड्या घेऊन येणारे लोकसुद्धा वाट वाकडी करून ओट्यावर चढत, बाटली उन्हात धरत, एक डोळा मिटून बघत आणि म्हणत, "देखा, आजून रगत शे त्याले!" मग भीमसिंग मान डोलवी. काय करणार? खरं सांगायचं तर त्याने स्वतःही ते तांबूस काय आहे याचा कधी विचार केला नव्हता. दगडाचा रंग असेल, झालं. कारण रक्त असणं शक्यच नव्हतं. हा खडा त्याच्या पोटातून निघालाच नव्हता. तो निघाला होता त्याच्याच घराच्या परसातून.

आता ही थाप मारायची त्याला हौस होती असं नाही. या भागाची रीतच तशी. लघवीच्या दुखण्यासाठी कुणी सुरतेला जाऊन शस्त्रक्रिया करून आला की त्याने पथरी, म्हणजे मुतखडा, बाटलीत घालून घरी आणायची आणि कोनाड्यात ठेवायची. काशीहून येणाऱ्याने जशी गंगेची लोटी आणावी तशी. लघवी तुंबली म्हणजे पथरी, दुसरं काही असतं हे कुणाला ठाऊकच नाही. शांतीलालने दवाखान्याच्या पायरीवर विचारलं, "काय निघनं, बापू?" तेव्हा तोंडातून आपोआप निघून गेलं — पथरी. शांतीलाल म्हणजे शेजारचा गुजर. सुरतेला त्याची बहीण दिलेली, म्हणून सोबतीला तोच आलेला. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दोंडाईचे टेशनवर गाडी थांबायच्या आत त्याने सगळ्या डब्याला पथरीची लांबी-रुंदी सांगून टाकली होती.

आणि मग घरी आल्यावर दारात ही गर्दी. बायको फुलवंता भाकरतुकडा ओवाळून टाकायला वाकली, आणि तिच्या मागे वीस माणसं मान उंच करून उभी... "खडा कोठे शे, बापू?" ट्रंकेत आहे म्हणालो. पाय धुऊन येतो म्हणालो. परसात गेलो, अंधारून आलेलं, हाताला लागला तो पहिला खडा उचलला, गोळ्यांची बाटली उताणी केली, गोळ्या खिशात, खडा बाटलीत. पाय धुवायचे राहूनच गेले. साठी उलटलेला राजपूत, चाळीस वर्षं यात्रेत घोड्यांची पारख करणारा, भल्या भल्या दलालांची लबाडी दातांवरून ओळखणारा — आणि दगड चोरत होतो. स्वतःच्याच घरात.

आणि फुलवंता! तिने तर बाटली आधी कपाळाला लावली. दुसऱ्या दिवशी बायकांना सांगत होती, "लिंबूएवढा व्हता माय, आते सुकी गया." किती भोळी म्हणावी एखाद्या बाईने. तेव्हा त्याला हसू आलं होतं.

त्याने बाटली कोनाड्यात ठेवली, गोठ्यामागे गेला, भिंतीकडे तोंड करून बसला, आणि — धार लागली. सरळ, भरघोस, आवाज करणारी. संपली. एकदम संपली, थेंब थेंब रेंगाळली नाही. उठल्यावर त्याने धोतराला हात लावून पाहिला. कोरडं. तीन महिन्यांत हा आनंद शिळा झालेला नव्हता. देवाला हात जोडायची ही जागा नव्हे, म्हणून तो गोठ्याच्या पुढे आल्यावर जोडत असे.

चार वर्षं त्याला ही धार माहीत नव्हती. चार वर्षं माहीत होती ती फक्त घाई. दुखण्याचं हेच नाव त्याने मनाशी ठेवलेलं, दुसरं नाव तोंडाने घ्यायची सोय नव्हती. घाई लागायची आणि गेलं तर काही नाही. उभं राहा, बसा, कुंथा, चार थेंब. परत फिरलं की पुन्हा घाई. सारंगखेड्यापासून दोंडाईच्यापर्यंतचं प्रत्येक बाभळीचं खोड, प्रत्येक नाला त्याच्या ओळखीचा झाला होता — हा आडोसा चांगला, इथून रस्ता दिसतो, इथे बायका सरपणाला येतात. लग्नाची आमंत्रणं आली की तो आधी मांडवाची नव्हे, जवळच्या शेताची चौकशी करी. भजनाला बसणं सुटलं. पाणी पिणं सुटलं. वैशाखात ओठ फुटायचे तरी तांब्या तोंडाला लावायचा नाही. गाडीत बसताना पिशवीत दुसरं धोतर, आणि ते धोतर फुलवंताने कधी काही न विचारता घडी करून ठेवलेलं... लोकही हसायचे. "बापूले घाई शे," म्हणायचे, कारण बापू कुठेच टेकत नसत. मग माकडहाड दुखायला लागलं, मग मांडी, मग असं की रिकिबीत पाय घालून वर चढता येईना. यात्रेत त्याला लोक हात धरून घोड्यावर चढवू लागले तेव्हा तो म्हणाला, मला आता घोड्यावर बसायचा कंटाळा आलाय. आणि भाद्रपदात एक दिवस घाईसुद्धा बंद झाली. काहीच येईना. पोट ढोलासारखं फुगलं, आणि तो मोठा माणूस जमिनीवर लहान मुलासारखा लोळला.

सुरतेचा डॉक्टर पारशी होता, टक्कल पडलेला, बोटं मात्र बाईसारखी नाजूक. आधी त्याने रबरी नळी घातली. त्या वेळी जे बरं वाटलं त्यासाठी भीमसिंगने त्याला अख्खा मळा लिहून दिला असता. चार दिवस तपासण्या झाल्यावर डॉक्टरने शांतीलालला बाहेर पाठवून दार लावलं.

"काका, पेशाब की पिशवी के नीचे गाठ है. खराब गाठ. कॅन्सर बोलते हैं. हड्डी तक गया है, इसलिए कमर दुखता है."

भीमसिंग छताकडे बघत राहिला. छताला पाल होती.

"तुम घोडेवाला आदमी, तुमको समझाना आसान है," डॉक्टर म्हणाला. "ये गाठ का दानापानी कहाँ से आता है मालूम? मर्द का जोर जिधर बनता है, उधर से. उधर का काट दिया, गाठ भूखी. सूख जाएगी. नया इलाज है, पर मैंने किया है."

घोडेवाल्या माणसाला खरंच समजलं. फार लवकर समजलं. त्याने विचारलं ते एवढंच, की मिशा राहतील का. डॉक्टर हसला नाही, हे त्याचे उपकार. "मूछ रहेगा, आवाज रहेगा. दर्द जाएगा. गर्मी आएगी कभी कभी, पसीना छूटेगा, उससे डरना नहीं." आणि किती दिवस? "दो बरस, तीन, ज्यादा भी. ऊपरवाला मेरे से बडा डॉक्टर है."

शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी कमरेचं दुखणं गेलं. कमी झालं नाही — गेलं. पहाटे जागा होऊन तो दुखणं शोधत राहिला, इकडे वळला, तिकडे वळला, घरात कुणी नाही म्हणून हाका माराव्या तसं. आणि त्याच सकाळी कंपाउंडर मलमपट्टी बदलायला आला तेव्हा त्याने प्रथम खाली पाहिलं.

आख्ता.

नर घोडा खच्ची केला की त्याला आख्ता म्हणतात, आणि आख्त्यांबद्दल भीमसिंगचं मत साऱ्या पंचक्रोशीला तोंडपाठ होतं. ऐन जवानीत भर यात्रेत तो बोलून गेला होता, "आख्तावर बठापेक्षा पायी जायेल बरं." लोकांनी ती म्हणच करून टाकली. आता तीस वर्षांनी ती म्हण दवाखान्याच्या खाटेपाशी येऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे बघून हसली. तिला काय उत्तर द्यायचं? म्हणून पथरी. म्हणून खडा. आणि म्हणूनच त्याची खाट आता ओट्यावर होती. डॉक्टरने मोकळ्या हवेत झोपायला सांगितलंय, असं त्याने फुलवंताला सांगितलं होतं. तिने गोधडी बाहेर आणून दिली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार. अलीकडे आत निजत होते ते तरी काय, दोन म्हातारी माणसं, भिंतीकडे तोंडं करून. पण आत निजणं वेगळं. तिच्या बांगडीचा आवाज, मध्येच एखादं विचारणं — आज बैलाने खाल्लं का... तेवढंही आपण आपल्या हाताने बंद केलं. तिला कळलं तर? कळलं तर ती काय करील? काहीच नाही करणार. नुसतं बघेल. ते बघणं सोसणार नाही. दुखणं परत आलं तर येऊ दे, तिने तसं बघायला नको.

"चहा ठेवेल शे," फुलवंता दारात येऊन म्हणाली. साखर कंट्रोलची, मोजून मिळायची, म्हणून चहात गूळ. "नदीवर गार वारा सुटेल शे. घोंगडी लई जावा."

"माले थंडी नही वाजत आते."

"माले मालूम शे," ती म्हणाली आणि आत गेली.

यात्रा तापीच्या काठी भरली होती. दत्तजयंतीला अजून दोन दिवस होते, पण घोडे आले होते. पांढरे, अबलख, काळे, शेपट्यांना रंगीत गोंडे लावलेले, आणि तो वास — लीद, ओलं गवत, चामडं, घोड्यांचा घाम. भीमसिंगने तो छातीभर ओढून घेतला. सगळ्या घोळक्यातून तो चालत गेला, एका बाभळीकडेही न बघता. हे कुणाच्या लक्षात येण्याजोगं नव्हतं. वाळूत त्याचे पाय सरळ पडत होते. लोक रामराम घालत होते, "बापू, चांगला दखातस!" म्हणत होते, आणि तो मिशीवर हात ठेवून रामराम परत करत होता. मिशी होती. सकाळी उठून बैलाला हाक मारून पाहिली होती, आवाजही होता. डॉक्टर शब्दाचा पक्का निघाला.

"काका!"

इंद्रसिंग, रनाळ्याचा पुतण्या. हातात दोरी, दोरीला काळा कुळकुळीत दोन वर्षांचा बछेरा, कान मागे टाकून उभा. त्याच्या शेजारी शांतीलाल — तो कुठे नसतो? — आणि आठदहा माणसं गोल करून.

"काका, आते तुम्हीच सांगा," इंद्रसिंग म्हणाला. "मांगला महिनामा खांदाले चावना मन्हा. घरमा धाकला पोऱ्या शेतस. याले आख्ता करू का?"

भीमसिंगचा मिशीवरचा हात खाली आला.

"आन हाई तू बापूले इचारस?" शांतीलाल मांडीवर थाप मारून ओरडला. "बापूनी तं कव्हयनंच सांगी ठेयेल शे..." आणि आठदहा माणसांनी एका सुरात, एखादी आरती म्हणावी तशी, ती म्हण म्हणून टाकली. हसू उसळलं. बछेरा दचकून मागे सरला.

भीमसिंग बछेऱ्याजवळ गेला. मानेवर तळहात ठेवला, घोडा थरथरला, राहिला. दात पाहिले, गुडघे चाचपले, खूर उचलला. हातांना हे सगळं येतच होतं, हात आपलं काम करत राहिले आणि तो कुठेतरी दूर... जान्या आठवत होता. सातपुड्याच्या पायथ्याचा जान्या भिल. घोडे आख्ते करायला यात्रेनंतर त्यालाच बोलावतात. एकदा काम संपल्यावर हात धूत जान्या म्हणाला होता, "मालक, घोडा आठ दिनमा इसरी जास. मालकच नही इसरत." तेव्हा भीमसिंग हसला होता. भिल काहीतरी बोलतो, असं वाटलं होतं. पण आख्ता केलेले घोडे त्याने पुढे पाहिले नव्हते का? लगामाला कोवळे. वीस-वीस वर्षं गाडी ओढणारे. पोरं पाठीवर घेऊन नदी उतरणारे. गवत गवतासारखं खाणारे, उन्हात डोळे मिटून उभे राहणारे... आणि नर घोडे? घोडीचा वास आला की खुंटा उपटून, दात-ओठ खात, स्वतःचंच अंग भिंतीवर घासून रक्तबंबाळ करणारे. आपण कशाला वाहवा देत होतो तीस वर्षं? त्या घाईलाच की.

"कर," तो म्हणाला.

"काय?"

"आख्ता करी टाक. पन जान्याकडथून करी ले. आन मंग आठ दिन त्यानाजोडे बठ. एकला नको सोडू त्याले."

गोलातलं हसू विरलं. शांतीलालचं तोंड उघडंच राहिलं. "बापू! आन तुमनं ते म्हननं?"

"म्हनत व्हतू, खरं शे," भीमसिंग म्हणाला. "पन तव्हय मी आख्तावर कोठे बठेल व्हतू?"

पुन्हा हसू फुटलं, आधीपेक्षा मोठं. म्हाताऱ्याने स्वतःवरच बाजू उलटवली म्हणून लोक खूश झाले. इंद्रसिंगने बछेऱ्याची मान थोपटली. कुणालाच काही कळलं नव्हतं. आणि तरी भीमसिंगला वाटलं की आपण हे सगळ्यांसमोर बोलून गेलो, भर यात्रेत, उजेडात, आणि आभाळ काही कोसळलं नाही. छातीत हलकं वाटलं. तेवढ्यात ती आली.

गर्मी. आधी छातीच्या मधोमध, चुलीचं दार उघडावं तशी, मग गळा, कान, टाळू. मार्गशीर्षातल्या नदीच्या वाऱ्यात त्याच्या कपाळावरून घाम निथळायला लागला, पागोट्याखालून, मिशीतून. लोकांच्या अंगावर घोंगड्या आणि हा असा. "बापू, ताप शे का?" कुणीतरी म्हटलं. "उनमा चालनू," तो पुटपुटला आणि घोळक्यातून बाहेर पडला. आजवर ही गर्मी त्याला बहुतेक घरीच आली होती. तेव्हा तो उठून गोठ्यात जाई आणि बैलाच्या आड उभा राही. माणसांत आली ती आजच. डरना नहीं, डॉक्टर म्हणाला होता. डरायचं नाही तर काय करायचं ते त्याने सांगितलं नव्हतं.

पुढचं दार नको होतं, ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असायचं. तो घराला वळसा घालून परसात शिरला. तिकडे तो तीन महिन्यांत फिरकला नव्हता. चोराला चोरीच्या जागी जायला नको वाटतं, हे एक. आणि परसाची बाजू बायकांचीच. पापडाची खाट, धुण्याचा दगड, तुळस.

फुलवंता पायरीवर बसून लसूण सोलत होती. तिने मान वर करून पाहिलं. घामाने थबथबलेला चेहरा, लाल झालेले कान. ती घाबरली नाही, 'काय झालं' म्हणाली नाही. लसूण बाजूला ठेवला.

"आठे बठा. आठे वारा लागस," ती म्हणाली.

तो बसला. तिने रांजणातल्या पाण्यात फडकं बुडवून पिळलं आणि त्याच्या मानेवर, बरोबर केस संपतात तिथे ठेवलं. मग आत जाऊन भिजवलेल्या सब्जाचं पाणी आणलं. पेला आधीच भरून ठेवल्यासारखा इतक्या लवकर आणला.

"आते जाई ते. घडीभर ऱ्हास."

"तुले काय मालूम?"

"माले नही तं कोनले?" ती पुन्हा लसणाकडे वळली. "पाच वरीस काढात मी."

पाच वर्षं... त्याला आठवलं. पौषाच्या कडाक्यात ही बाई मध्येच उठून परसात येऊन बसायची, पदराने वारा घ्यायची, आणि तो आतून ओरडायचा — बाईला याड लागलं का, थंडी भरेल! पाच वर्षं ओरडला. एकदाही बाहेर येऊन विचारलं नाही, काय होतंय तुला. एकदाही मानेवर हात ठेवून पाहिलं नाही. तिने फडकं कुठे ठेवायचं हे एकटीने शोधून काढलं असेल, सब्जाचं पाणीही. आपल्यासाठी नव्हे, तेव्हा कुणाला ठाऊक होतं की ते आपल्या कामी येईल. त्याला लाज वाटली. तीन महिने ज्या लाजेने तो खाट बाहेर घेऊन निजत होता ती नव्हे. ही वेगळी, कोवळी, सोसवणारी लाज.

"मी तुले बोलत व्हतू," तो म्हणाला.

"तुम्ही सगळासले बोलतस." ती किंचित हसली. मग पाकळ्या नखाने सोलत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "डाक्तरनी काय करं ते मी इचारस नही. पन घोडास्ना गावमा दिन्ही माले मन्हा बापनी. इतलंबी समजत नही का माले?"

वारा आला. तुळशीच्या मंजिऱ्या हलल्या. भीमसिंग हातातल्या पेल्यातले सब्जाचे फुगलेले दाणे बघत राहिला. एक वर येत होता, एक खाली जात होता. त्याला वाटलं होतं की या क्षणी जमीन दुभंगेल. जमीन होती तशीच होती, सारवलेली, थोडी भेगाळलेली. आणि फुलवंता बघत नव्हती. ज्या बघण्याला तो भ्यायला होता, ते तिने केव्हाच, त्याच्या पाठीमागे, एकटीनेच उरकून टाकलं होतं.

"कव्हयपाईन?" त्याने विचारलं.

"पहिला दिनपाईन. तो खडा दखा नं, तव्हयच समजनं, पथरी नही. दुसरं काहीतरी शे, जे सांगता येत नही."

"खडा..."

"तो मन्हा शे." आता तिने मान उचलली. "परकाशाना महादेव शे. लगीनमा मी पाच खडा लयेल व्हतात, मन्हा माहेरनी नदीना. ते रगत नही, कुकू शे. मन्हा हातनं."

त्याने तुळशीकडे पाहिलं. तिच्या ओट्याच्या कडेला, बुंध्याशी, नदीतले गुळगुळीत खडे मांडलेले होते. प्रत्येकावर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट. चार खडे. आणि चौथ्याच्या पलीकडे, जिथे काहीच नव्हतं, तिथे मातीवर हळद होती, कुंकू होतं. आजचं ओलं, त्याच्याखाली कालचं, त्याच्याखाली परवाचं. इतकं साचलेलं की त्या रिकाम्या जागेला एक लाल पोपडा धरला होता.

"मंग बोलनी का नही?" त्याचा आवाज चिरकला. मिशा राहिल्या, आवाज राहिला, पण रडू मात्र हल्ली फार लवकर येई.

"काय बोलू? तुम्ही लोकेसले खडा दखाडी ऱ्हायना व्हतात आन हासी ऱ्हायना व्हतात. चार वरीसमा पहिलांदाव." ती थांबली. "पन आते दी टाका माले. रिकामी जागाले कुकू लावस मी तीन महिनापाईन."

तो उठला, आतून बाटली घेऊन आला. बूच निघता निघेना, दातांनी काढलं. खडा तळहातावर आला तेव्हा नवल वाटलं, इतका हलका. चार वर्षांची घाई, सुरत, नळी, छतावरची पाल, सगळं याच्या नावावर खपवलं होतं आणि हा बापडा महादेव तीन महिने बाटलीत बसून सगळं ऐकून घेत होता. त्याने तो तिच्याकडे केला. तिने हात पुढे केला नाही. "तुम्हीच ठेवा," म्हणाली. तेव्हा तो तुळशीपाशी उकिडवा बसला आणि त्या लाल पोपड्यावर खडा टेकवला. जरासा डगमगला, मग बसला.

कमरेत दुखलं नाही. उकिडवं बसूनही दुखलं नाही. दुखेल, डॉक्टर म्हणाला होता तसं, दोन वर्षांनी, तीन वर्षांनी, किंवा पुढच्या पौषात — कुणी सांगावं. आज नाही. खाट आज आत घ्यावी का, हे तिला विचारावंसं त्याला वाटलं, आणि विचारायला शब्द सापडेना. पण ते न सापडणं आता तितकं बोचत नव्हतं.

ओट्याकडून शांतीलालची हाक आली. "बापू! ओ बापू! ब्राह्मणपुरीना पाव्हना उनात! यास्ले तुमना खडा दखाडा!"

फुलवंताने त्याच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या बाटलीकडे, आणि पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. त्यालाही खालून, पोटातून हसू यायला लागलं. पाहुण्यांना काय सांगायचं? खडा हरवला म्हणावं, विरघळला म्हणावं... की खरं? त्याला काहीच सुचत नव्हतं, आणि सुचावं म्हणून तो धडपडतही नव्हता. मानेवरचं फडकं गार लागत होतं. अंगावरचा घाम वाळत होता.

"मी येस," त्याने हाक दिली. "पानी पी लेवा तवलग."

आणि तो तिथेच, तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिला. घाई नव्हती.